एका ओळीचा इतिहास

संगणकावर प्रोग्राम लिहिणारी मुले एकमेकांना एका ओळीचे तोडगे पाठवत असतात. काळ्या पडद्यावर टाइप करायची एक अगम्य ओळ, मध्ये दोन-चार उभ्या रेघा, आणि सोबत निरोप, "हे टाकून बघ, काम होईल." आमच्या घरातही दोघेतिघे याच कामात आहेत. मी पडले शाळेतली बाई, पण ही ओळ आली कुठून हे शोधत गेले आणि चांगलीच रमले. म्हटले, तुम्हालाही सांगावे.

गोष्ट अमेरिकेतली, न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल लॅब्जची. १९६९ साली केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे युनिक्स ही यंत्रणा बांधायला घेतली. त्या काळी त्यांच्यासमोर असे टेलिटाइप, टंकयंत्रासारखे खडखडणारे धूड, सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापणारे. मग आज्ञाही आखूड झाल्या. नक्कल करायला 'सीपी', हलवायला 'एमव्ही', यादी पाहायला 'एलएस'. टेलिटाइप कधीच गेले, त्या आज्ञा मात्र आजही चालतात.

तिथेच डग्लस मॅकिलरॉय नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवले होते, की बागेत पाण्याची एक नळी दुसरीला जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. एकाने काम करून जे बाहेर टाकले ते दुसऱ्याच्या तोंडात जावे. हा धोशा त्यांनी अनेक वर्षे लावला. अखेर १९७३च्या सुरुवातीला थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ते करून टाकले. त्याचे नाव 'पाइप'. दुसऱ्या दिवशी अख्खी प्रयोगशाळा एका ओळीत काय काय करता येते हे एकमेकांना दाखवत सुटली, असे मॅकिलरॉय यांनी सांगितले आहे. उभी रेघ ही त्याची खूण थोड्याच दिवसांनी आली. आज मुले जे तोडगे पाठवतात त्यांचा जन्म त्या दिवसातला!

त्याच वर्षी 'ग्रेप' आली. ब्रायन कर्निघन यांनी तिची हकीगत सांगितली आहे. ली मॅकमहॉन या त्यांच्या सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स' हे १७८७-८८ सालचे ८५ निबंध तपासायचे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या या निबंधांपैकी काहींचे लेखक कोण, यावर वाद होता. शब्दांच्या वापरावरून लेखक ओळखायचा, पण एवढा मजकूर तेव्हाच्या संपादकात एका वेळी मावेना. थॉम्प्सन यांनी संपादकातली शोधायची सोय तेवढी बाहेर काढून वेगळा प्रोग्राम केला. 'सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप' या आज्ञेची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे ग्रेप. मला गंमत वाटली ती ही, की एवढ्या गाजलेल्या हत्याराच्या मुळाशी निबंधांची तपासणी निघाली.

पुढचा प्रसंग १९८६चा. जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड कनुथ यांना एक गणित घातले. दिलेल्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द संख्येसह छापा. कनुथ हे या शास्त्रातले मोठे नाव. प्रोग्राम निबंधासारखा वाचता यावा ही त्यांची पद्धत, आणि ती दाखवायलाच त्यांना बोलावले होते. त्यांनी कित्येक पानांचे, नेटके उत्तर लिहिले. परीक्षणाला होते मॅकिलरॉय. त्यांनी मांडणीची स्तुती केली आणि खाली आपले उत्तर दिले, फक्त सहा आज्ञांचे. पहिली प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणते. दुसरी मोठी इंग्रजी अक्षरे लहान करते. तिसरी शब्द वर्णानुक्रमे लावते. चौथी सारखे शब्द एकत्र करून मोजते, पाचवी संख्येप्रमाणे उतरता क्रम लावते आणि सहावी वरचे हवे तेवढे ठेवून थांबते. झाले!

माझ्या नातीने ती ओळ माझ्या लेखांवर चालवून पाहिली. हाती काय आले? एक कोरी ओळ. कारण पहिल्याच आज्ञेत लिहिलेले असते, की इंग्रजी ए ते झेड सोडून बाकी सगळे टाकून द्या. तिच्या लेखी माझे सगळे लेखन म्हणजे केरकचरा. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. त्या ओळीसमोर इंग्रजी मजकूर होता. पण ओळीबरोबर लिहिणाऱ्याची समजूतही येते, ती वरून दिसत नाही.

आपली अक्षरे मग संगणकात बसली ती युनिकोडमुळे. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारताच्या 'इस्की' या १९८८च्या प्रमाणावर बेतलेली होती. प्रश्न उरला जुन्या प्रोग्रामांचा. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्याच एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली गेली. आखणारे रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन, हो, तेच! इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखा एक बाइट, देवनागरी अक्षरचिन्हाला तीन. त्यामुळे जुनी हत्यारे मोडीत काढावी लागली नाहीत. नातीने पहिली आज्ञा बदलून शब्द रिकाम्या जागेवर तोडले, तेव्हा माझे 'आणि' आणि 'आहे' वर आले. बाकीच्या पाच आज्ञांना तिने हातही लावला नाही.

वर्गात गाईडमधले उत्तर उतरवणारी मुले मी खूप पाहिली. उत्तर बरोबर असे, पण प्रश्नातला एक आकडा बदलला की लेखणी थांबे. इथे तर लेखणी थांबण्यावर भागत नाही. 'आरएम' ही दोन अक्षरी आज्ञा फायली पुसते, आणि बहुधा विचारतसुद्धा नाही. अशी आज्ञा पोटात असलेली ओळ कोणी न वाचता चालवली, तर वर्षभराचे काम क्षणात जाते.

म्हणून घरातल्या मुलांना मी सांगते, ओळ जरूर घ्या, पन्नास वर्षांची पुण्याई आहे तिच्यात. फक्त प्रत्येक उभ्या रेघेपाशी थांबा. डावीकडून काय आले आणि उजवीकडे काय गेले ते पाहा, मगच पुढची आज्ञा जोडा.