ओझरचं मिग आणि तीन सेंटिमीटरची लहर

साल १९७०. नाशिकच्या गंगापूर रोडवर तुम्ही सायकलवरून उतरला आहात. दोन्ही बाजूंना मळे, द्राक्षबागा, मधूनच एखादा बंगला. तेवढ्यात कानठळ्या बसवत मिग-२१ डोक्यावरून जातं. सांगाडा जवळच्याच ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात जुळवलेला, इंजिन कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादची.

त्याच्या नाकाकडे बघा. तिथल्या गोल तोंडातून, म्हणजे इनटेकमधून, हवा आत, इंजिनाकडे जाते. समोरून आलेली रडारची लहरही त्याच वाटेने शिरते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आपटून माघारी फिरते.

माघारी किती फिरते? तुमच्याकडे स्लाइड रूल आहे, तेव्हा सोपा आकार घ्या: एक चौरस मीटरचा सपाट पत्रा, रडारची तरंगलांबी तीन सेंटिमीटर. क्षेत्रफळाचा वर्ग गुणिले ४π, भागिले तरंगलांबीचा वर्ग. रडारला तो पत्रा केवढा ‘दिसतो’, त्याचं उत्तर येतं सुमारे १४,००० चौरस मीटर! पण पत्रा दोनेक अंश कलवा. आरशाचा कवडसा सरकावा तसा जवळजवळ सगळा परतावा दुसरीकडे निघून जातो. पत्र्याचं जमलं. अख्ख्या विमानाचं मात्र स्लाइड रूलवर जमत नाही.

आता १९७५, कॅलिफोर्नियातलं बरबँक. लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या हाती प्योत्र उफिम्त्सेव यांच्या पुस्तकाचा अनुवाद आहे. पुस्तक मॉस्कोचं, १९६२ सालचं. कडांवरून लहरी कशा विखुरतात, त्याचं गणित त्यात आहे. त्यावरून ‘एको-१’ हा प्रोग्रॅम तयार होतो. तेव्हाच्या संगणकाला वक्र पृष्ठभाग पेलत नव्हते, म्हणून रडारपासून लपणारं त्यांचं विमानच सपाट तुकड्यांचं झालं. डिसेंबर १९७७ मध्ये ते कंगोरेदार ‘हॅव ब्लू’ उडालंसुद्धा. गणिताच्या मर्यादेने विमानाला आकार दिला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

परत या. आजचा गंगापूर रोड, इंजिनिअरिंगच्या मुलांची खोली, समोर लॅपटॉप. त्याच मिगचं काटेकोर गणित करायचं तर पृष्ठभाग त्रिकोणांत तोडावा लागतो, आणि प्रत्येक त्रिकोणाची बाजू तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे तीन मिलिमीटर हवी. शंभर चौरस मीटर पृष्ठभागाला अडीच कोटी त्रिकोण! लॅपटॉप मान टाकतो. मग तुम्ही ‘फिजिकल ऑप्टिक्स’ची जवळची वाट धरता. काही मिनिटांत आलेख उमटतो; पण या पद्धतीला एकदाच आपटून परतलेली लहर कळते. इनटेकच्या पोकळीत पुन्हापुन्हा आपटणारी लहर तिच्या हिशोबातून सुटते. नेमकं मिगचं नाकच निसटलं!

याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए उडालं. त्याचे इनटेक दोन्ही बाजूंना, आणि आतला मार्ग इंग्रजी ‘वाय’सारखा वळलेला, त्यामुळे कॉम्प्रेसर समोरून रडारच्या सहज नजरेस पडत नाही.

रडारचा पल्ला परावर्तनाच्या आकड्याच्या चौथ्या मुळाने बदलतो: परावर्तन सोळा पट घटवलं, तरी पल्ला फक्त निम्मा होतो. म्हणून एखाद्या विमानाचं परावर्तन कुणी एकाच आकड्यात सांगितलं, तर आधी विचारा: कोणत्या कोनातून, कोणत्या तरंगलांबीला, आणि इनटेक धरून की सोडून?