विहार बांधणारे हात : जपानची काष्ठसंधिकला

जपानमध्ये धम्म कसा पोहोचला हे सांगताना राजपुत्र शोतोकु आणि कोरियातून गेलेले भिक्षू यांची नावे घेऊन बहुधा थांबले जाते. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेला 'निहोन शोकी' हा जपानी इतिहासग्रंथ या बाबतीत अधिक न्यायी आहे. ५७७ साली कोरियातील पेकजे राज्याने जपानला जी मंडळी धाडली, तिच्या नोंदीत विनयाचार्य, ध्यानाचार्य व भिक्षुणी यांच्याच ओळीत मूर्तिकार आणि विहार बांधणारा सुतार येतो. ५८८ च्या नोंदीत तर विहार बांधणाऱ्या कारागिरांची नावेही दिली आहेत.

ही नोंद आम्हांला महत्त्वाची वाटते. पालि वाङ्मयात 'रथकार' हा चांडाल, निषाद, वेण व पुक्कुस यांच्याबरोबर समाजाने नीच ठरविलेल्या कुळांत मोजलेला दिसतो. अस्सलायन सुत्तात तथागतांनी हीच यादी पुढे ठेवली आणि कोणत्याही कुळातील माणसाने, कोणत्याही लाकडाने पेटविलेला अग्नी सारखाच प्रकाश देतो, हे ब्राह्मण तरुणाकडूनच वदवून घेतले.

जपानी सुतारांची विद्या सांध्यांत आहे. दोन लाकडे टोकाला टोक लावून लांबी वाढविणे म्हणजे 'त्सुगिते' आणि ती कोनात मिळविणे म्हणजे 'शिगुची'. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची. तत्त्व एवढेच, प्रकार मात्र शेकडो. 'कानावात्सुगी'त दोन्ही टोके एकसारखीच कोरलेली असतात. ती एकमेकांत सरकवून मधल्या भोकात पाचर ठोकली की जोड आवळतो, पाचर काढली की सुटतो. खांबाचा बुंधा कुजला तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड असे जोडता येते. जपानी विहारांत खिळा नसतोच, हा सर्वत्र पसरलेला समज मात्र चुकीचा आहे. होर्युजीतही लोखंडी खिळे आहेत. पण इमारतीची मुख्य भिस्त सांध्यांवर आहे.

यामुळे इमारत न मोडता उकलता येते. होर्युजीचा पाचमजली स्तूप १९४२ ते १९५२ या काळात असाच सुटा करून पुन्हा उभारण्यात आला. त्याच्या मध्यस्तंभाचे झाड ५९४ साली तोडलेले होते, असे वृक्षवलयांवरून ठरले आहे. कोणते लाकूड कोठले, हे कळण्यासाठी जपानी सुतार त्यावर स्थानखूण लिहितात. अलीनचित्त जातकातील वाराणसीजवळचे सुतारही अरण्यात घरांचे भाग घडवून, खांबांपासून आरंभ करून प्रत्येक लाकडावर खूण करतात आणि मग ते नावेने नगरात आणतात!

होर्युजीच्या या दुरुस्तीत त्सुनेकाझु निशिओका (१९०८–१९९५) होते. जवळच्याच होरिन्जीचा स्तूप १९४४ साली विजेने जळाला. तो पुन्हा बांधताना त्यात लोखंडी आधार घालावेत असे वास्तुशास्त्राच्या पंडितांचे मत पडले. निशिओकांनी कडाडून विरोध केला. हिनोकी लाकूड हजार वर्षे टिकते, लोखंड तितके टिकत नाही, आणि त्यासाठी पाडलेली भोके लाकडालाच दुबळे करतात, हे त्यांचे म्हणणे. अखेर काही प्रमाणात लोखंड वापरले गेले आणि १९७५ साली स्तूप पूर्ण झाला. आमच्या मते हा वाद केवळ लोखंडाचा नव्हता. हाताने मिळविलेल्या ज्ञानाला ज्ञान म्हणावे की नाही, याचा होता.

निशिओका घराणे होर्युजीचे वंशपरंपरागत सुतार. परंतु त्यांच्या मुलांनी हे काम पत्करले नाही. ही विद्या गेली ती मित्सुओ ओगावा यांच्याकडे. शाळेच्या सहलीत होर्युजीचा स्तूप पाहून सुतार होण्याचे ठरविलेला हा मुलगा सुतारांच्या घरातला नव्हता. आधी नकार पचवून १९६९ मध्ये तो शिष्य झाला. १९७७ साली ओगावांनी 'इकारुगा कोशा' ही कार्यशाळा काढली. तेथे शिकाऊ मुले एकत्र राहत, स्वयंपाक व झाडलोट करीत, आणि सर्वांत आधी हत्यारांना धार लावायला शिकत.