समुद्राचं खातं

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक चौपाटीवरची भेळ आणि दुसरी साहेबांच्या टेबलावरच्या फायली. पहिली लगेच संपते, दुसऱ्या कधीच संपत नाहीत. याहून अधिक समुद्राशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण एका रविवारी चिरंजीव कुणा मित्राच्या घरी जाऊन आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "बाबा, आपण घरात रीफ करू या."

रीफ हा खाण्याचा पदार्थ असावा असं वाटून मी आधी 'कर की' म्हणून टाकलं. मग खुलासा झाला. रीफ म्हणजे प्रवाळांची रांग. काचेच्या टाकीत खारं पाणी भरायचं, त्यात प्रवाळ वाढवायचे, आणि त्यांच्यातून ते नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे मासे फिरवायचे. आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यात आई, सौभाग्यवती, चिरंजीव, शिवणयंत्र आणि उरलेल्या जागेत मी. आईने एवढंच विचारलं, "पोवळं अंगठीत घालतात ना रे, मंगळ वाईट असला की? ते पाण्यात कशाला?"

दुकानदाराने अंदाजपत्रक दिलं पंचेचाळीस हजारांचं. त्यात टाकी, दिवे, पंप, पाण्यातला मळ फेस काढून बाहेर टाकणारं एक यंत्र आणि मीठ होतं. मासे नव्हते. ते नंतर म्हणे.

कर्ज मंजूर करण्याआधी अर्जदाराचा पूर्वेतिहास तपासायचा, ही आमची शिस्त. म्हणून मी ग्रंथालयात जाऊन या छंदाचा पूर्वेतिहास काढला, आणि तिथेच फसलो. कारण टाकीपेक्षा इतिहासच फार गमतीचा निघाला.

समुद्राचे प्राणी काचेत ठेवण्याची कल्पना पहिल्यांदा पद्धतशीर अमलात आणली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रान्समधल्या खेड्यातली मुलगी. पॅरिसला जाऊन कपडे शिवू लागली, 1816 साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर हिने काम केलं, पुढे एका व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिलीत मेसिनाला गेली. तिथे आर्गोनॉट नावाचा, आठ पायांचा, कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणारा प्राणी होता. हा शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा लाटतो, यावर विद्वानांचे वाद चालले होते. बाईंनी वाद घातला नाही. 1832 साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यात प्राणी ठेवले आणि बघत बसल्या. शिंपला तो स्वतःच बनवतो, एवढंच नव्हे तर फुटला तर दुरुस्तही करतो, असं सिद्ध झालं. घराचा मालक की भाडेकरू हा प्रश्न इतक्या कमी वेळात सुटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा गृहस्थ लंडनचा रसायनतज्ज्ञ, रॉबर्ट वॉरिंग्टन. याच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण याने ताळेबंद मांडला. 1850 साली त्याने जाहीर केलं की गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली, तर मासे सोडतात तो वायू वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासे घेतात. जमा तितकं नावे. फक्त वनस्पतीची पानं कुजून पाणी घाण होऊ लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेलं खाऊन टाकलं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि हिशेब जुळला. ज्या शाखेत शिपाई चांगला तिचं कामकाज सुरळीत चालतं, हे वॉरिंग्टनला एकशे पंचाहत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. आमच्या वरिष्ठ कार्यालयाला अजून कळायचं आहे.

या समतोलाचं इंग्लंडला वेड लागलं. काचेवरचा कर 1845 साली उठला होता, काच स्वस्त झाली होती. आगगाडी समुद्रकिनाऱ्यावर जाऊ लागली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गतज्ज्ञाचं 'अॅक्वेरियम' याच नावाचं पुस्तक निघालं, आणि तो शब्द घरोघर झाला. घरात समुद्र नाही म्हणजे माणूस सुसंस्कृत नाही, अशी दिवाणखान्यांची अवस्था झाली. समुद्र लांब असणाऱ्यांसाठी गॉसने कृत्रिम समुद्राची कृतीही दिली. चार क्षार आणि साधं पाणी. त्यातलं पहिलं नाव जेवणातल्या मिठाचं.

पण माझा हात थबकला तो दुसऱ्याच एका नोंदीवर. गॉसच्या पुस्तकाच्या आठ वर्षं आधी, 1846 साली, अॅना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या समुद्रकाठी गेल्या होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर अॅबीतले मोठे धर्माधिकारी, घरात मुलंबाळं पुष्कळ. बाईंना खडकावर छोटे दगडी प्रवाळ सापडले आणि त्या मोहात पडल्या. सुईदोऱ्याने ते प्रवाळ स्पंजाला टाकून, दगडी बरणीत समुद्राचं पाणी भरून, त्यांनी ते लंडनला नेले. (आमच्याकडे कोकणातून आमसुलं येतात, त्यांनी समुद्र आणला.) ताजं पाणी रोज कुठून येणार? म्हणून आहे त्याच पाण्याला हवा द्यायची. म्हणजे काय, तर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीपाशी उभं राहून, पाणी उंचावरून ओतायचं. पुन्हा उलट ओतायचं. रोज अर्धा-पाऊण तास. बाईंनी हे सगळं पुढे 1859 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रामाणिकपणे लिहिलं. काम दमवणारं होतं हेही लिहिलं. पण घरात एक छोटी मोलकरीण होती, ती ते करायची, आणि तिला त्यात गंमतच वाटायची, असंही लिहिलं.

इथे माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. दुहेरी नोंद पद्धतीत जमेला काही आलं की कुणाच्या तरी नावे पडतंच. संध्याकाळी टॅली लागत नाही तेव्हा आम्ही फरकाची रक्कम 'सस्पेन्स'मध्ये टाकतो आणि घरी जातो. दुसऱ्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती घातल्या, प्रवाळ वर्षानुवर्षं जगले, पिल्लं झाली. समतोल साधला, असं इतिहास म्हणतो. ती पोरगी सस्पेन्समध्येच राहिली.

आणि ती एकटीच नव्हती. गॉसची पुस्तकं वाचून लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. खडकांच्या खळग्यांत लाखो वर्षं जे शांतपणे फुलत होतं, ते काही वर्षांत खरवडून दिवाणखान्यांत गेलं आणि बहुतेक तिथेच कुजलं. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे हळहळून लिहिलं आहे. वडिलांनी हौसेने रस्ता दाखवला आणि त्या रस्त्याने सगळे आले, याचं दुःख वडिलांनाही झालं होतं. 1860 नंतर वेड ओसरलं. टाक्या रिकाम्या झाल्या. खळगे मात्र भरले नाहीत.

मालवणला मामांच्या शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या बाहुलीशेजारी, पांढऱ्या पोवळ्याचा एक फांद्यांसारखा तुकडा होता. लहानपणी तो आम्ही फक्त लांबून बघायचा. तो दगड नव्हता, हाडं होती, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो यंत्रांचा आहे. 1961 साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एक साधी गोष्ट लिहून जगाला चकित केलं. समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्म जीव आहेत असे, टाकीत ठेवा, थोडी हवा सोडा, बाकी काही करू नका. बर्लिनच्या हौशी मंडळींनी 1970 नंतर त्याला प्रखर दिवे आणि ते फेस काढणारं यंत्र जोडलं. आज जगभर दिसणारी प्रवाळाची टाकी त्या वंशातली. त्या खडकांत चालतं ते अगदी आमच्या बँकेसारखं. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करून पुढच्या टेबलावर सरकवतात. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. ही टेबलं भरायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे सोडले की मेलेच.

तर आमच्या घरात अखेर टाकी आली. शंभर लिटरची. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने साडेतीन किलो मीठ पाण्यात गेलं, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यात माझं चार वर्षांचं लोणचं झालं असतं." पुढे सहा आठवडे टाकीत पाणी आणि कृत्रिम दगड, बस्स. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "मासे कुठेत?" मी सांगे, "जीवाणू आहेत." पाहुणा चहा न घेता उठे.

मग मी एक घोडचूक केली. उन्हाळ्यात पाणी आटलं की मी मिठाचंच पाणी वरून घालत राहिलो. पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. मुद्दल तसंच ठेवून मी त्यात रोज भर घालत होतो. एक दिवस मोजलं तर आमचा समुद्र खऱ्या समुद्रापेक्षा बराच खारट झालेला. व्याज मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे करावं! चिरंजीवांनी माझ्या हातातून मग काढून घेतला.

प्रवाळाचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, 2001 साली दगडी प्रवाळ बसवले गेले. पाळायचे नाहीत, विकायचे नाहीत. दुकानदार डोळा बारीक करून म्हणाला होता, "मागवून देतो, कुणाला कळतंय?" चिरंजीवांचा चेहरा आशेने उजळला होता. मला मामांचं शोकेस आठवलं. मी नाही म्हटलं. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी हॅचरीत जन्मलेले ते दोन पट्टेवाले मासे आणि चार गोगलगायी आल्या. वॉरिंग्टन खूश झाला असता.

जुलैतल्या एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. पंप थांबला. पावसाचा आवाज एवढा होता की पंपाचा आवाज बंद पडलेला कळलाच नाही. चिरंजीव टॉर्च घेऊन ओरडले तेव्हा दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडत होते. मी काखेत इतिहास असलेला माणूस. म्हटलं, पातेलं आणा. स्वयंपाकघरातली दोन पातेली आली. टाकीतून पाणी काढायचं आणि उंचावरून परत सोडायचं. पहिली दहा मिनिटं मी केलं. मग माझी पाठ धरली. चिरंजीवांनी केलं, ते पेंगायला लागले. मग सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि पातेलं घेतलं. साडेतीन वाजेपर्यंत त्या ओतत होत्या. मी शेजारी मेणबत्ती धरून त्यांचं मनोधैर्य वाढावं म्हणून अॅना थिनबाईंची गोष्ट सांगत होतो.

"आणि त्या मुलीला गंमत वाटायची?" त्यांनी विचारलं.

"बाईंनी तसं लिहिलंय."

"मला नाही वाटत गंमत." पाणी पडत राहिलं. मग थोड्या वेळाने, "नाव काय होतं तिचं?"

"अॅना थिन."

"ती नव्हे. पाणी ओतणारी."

ते मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी मेणबत्ती चिरंजीवांच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवली आणि त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं. वीज यायला पावणेपाच वाजले.