तीन पंचांगांचा हंगाम

चेन्नईला मी पहिल्यांदा गेलो तो तमिळ हरिकथेतल्या साकी-दिंड्यांचा माग काढायला. तंजावरच्या मराठी कीर्तनातून ही वृत्ते हरिकथेत गेली आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तिला घडवले, एवढे वाचून ठाऊक होते. महिना डिसेंबरचा होता, म्हणून त्या शहराचा संगीत-हंगाम आपसूक पदरात पडला. पहाटे मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवती भजन म्हणत फिरणारी मंडळी, दिवसभर सभागृहांतून मैफली आणि प्रत्येक सभागृहाच्या आवारात उपाहारगृह. रवा डोसा, केळफुलाचा वडा, बदाम हलवा, पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी. मृदंगाचे स्वतंत्र वादन सुरू झाले की अर्धे श्रोते कॉफीकडे वळतात, ही तिथली जुनी थट्टा.

हे सारे डिसेंबरातच का, असे ज्याला विचाराल तो सांगतो, ‘मार्गळी.’ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा हा तमिळ महिना देवाचा. आंडाळच्या ‘तिरुप्पावै’तल्या तीस पदांपैकी रोज एक म्हणायचे, दारात पहाटे कोलम काढायचे. उत्तर पटण्याजोगे आहे; पण त्याने पहाटेचे भजन उलगडते, संध्याकाळची तिकीट लावलेली मैफल नव्हे. शहरात संगीत-सभा आधीही होत्या. तिरुवल्लिकेणीची पार्थसारथी स्वामी सभा 1900 सालची. सगळ्या शहराने एकाच महिन्यात गायचे, हा रिवाज मात्र नंतरचा.

त्याचे मूळ दुसऱ्या पंचांगात आहे. तमिळमध्ये मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात. आपल्याकडे कचेरी म्हणजे सरकारी कार्यालय. शब्द एकच, आणि इथे दोन्ही अर्थ जुळतात. काँग्रेसची अधिवेशने 1885 पासून बहुधा नाताळच्या आठवड्यात भरत, कारण वकील, शिक्षक, कारकून यांना सुट्टी तेव्हाच मिळे. डिसेंबर 1927 मध्ये मद्रासला डॉ. अन्सारींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले, त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिथल्या ठरावातून 1928 साली मद्रास म्युझिक अकादमी उभी राहिली. अकादमीने आपली वार्षिक परिषदही डिसेंबरअखेरीस ठेवली. इतर सभा मागोमाग आल्या. पुढे काँग्रेसने नाताळ सोडला. 1931 चे कराचीचे अधिवेशन मार्चमध्ये झाले. गाणे मात्र डिसेंबरातच राहिले.

ते का राहिले, याचा विचार करताना मला तिसरे पंचांग दिसते, ते लग्नाचे. मार्गळीत लग्ने होत नाहीत. गवयांची मोठी मिळकत लग्नाच्या मैफलींची; त्या महिन्यात ते मोकळे असत. आचारीही मोकळे असत! सभांची उपाहारगृहे चालवणारे नामांकित आचारी मूळचे लग्नाच्या पंगती सांभाळणारेच आहेत. बिनलग्नाच्या महिन्यात लग्नघरचे गाणे आणि लग्नघरचे जेवण सभागृहाशी येऊन भेटले, असा माझा तर्क आहे.

एवढी चिकित्सा कशासाठी? कारण एकदा ‘परंपरा’ म्हटले, की ती कोणी, कोणासाठी घडवली हा प्रश्नच बंद होतो. 1855 मध्ये तंजावरचे मराठी राज्य संपले आणि दरबारचे अनेक कलावंत मद्रासकडे वळले. त्यांत देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया होत्या, नट्टुवनार होते, नागस्वरम् वाजवणारे होते. नवी सभागृहे उभारणारा वर्ग मात्र मुख्यतः ब्राह्मण वकील-नोकरदारांचा. कलेला प्रतिष्ठा मिळावी ही त्यांची तळमळ खरी होती. 1931 साली अकादमीने कल्याणीच्या मुलींचे नृत्य व्यासपीठावर आणले, हेही धाडसच. पण पुढे नृत्याला मान मिळाला आणि ते सांभाळून आणणारी घराणी मागे पडली. देवदासी कुटुंबात जन्मलेल्या एम. एस. सुब्बुलक्ष्मींना अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ किताब मिळाला तो 1968 साली, आणि तोवर कोणाही स्त्रीला तो मिळालेला नव्हता. भाषेचीही तीच कथा. तेलुगू-संस्कृत कृतींचा वरचष्मा, तमिळ पदे मैफलीच्या शेवटी. त्या नाराजीतून 1943 साली तमिळ इसै संगम् निघाला. त्याचाही महोत्सव डिसेंबरातच.

ज्यासाठी गेलो, ती हरिकथा हंगामाच्या कडेकडेला भेटली. साकी ओळखू आली तेव्हा आनंद झाला, पण एकेकाळी रात्र रात्र गर्दी खेचणाऱ्या त्या कलेपुढे तुरळक श्रोते बसले होते, हे विसरता आले नाही.

म्हणून तिथला एक अलीकडचा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो. 2015 साली गायक टी. एम. कृष्णा, पर्यावरण-कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि स्थानिक रहिवासी यांनी समुद्रकाठच्या ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात उत्सव सुरू केला. शास्त्रीय संगीत आणि परै ढोल एकाच मंचावर, तिकीट नाही. त्यावर टीका झाली, कोळीवाड्याचे प्रश्न याने सुटतात का असेही विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे. पण 1927 साली काही माणसांनी एकत्र बसून हंगाम ठरवला, तसा तो आजही नव्याने ठरवता येतो, एवढे त्यातून दिसते.

यंदा डिसेंबरात चेन्नईला जाणार असाल तर मैफल ऐका, केळीच्या पानावर जेवा. आणि सकाळी नागस्वरम् वाजत असेल त्या सभागृहात थोडे लवकर जाऊन बसा.