ब्रेक, रिम आणि एक जुनी चूक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग मुलीकडे जर्मनीला तीन महिने, यात वेळ गेला. तिकडचं प्रवासवर्णन लिहा असं दोघातिघांनी सुचवलं, पण राजवाडे आणि चर्च यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे सायकलच्या ब्रेकबद्दल. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा थोडा इतिहास येणारच. शेवटी एक कबुली आहे, ती माझ्या धाकट्या भावासाठी. त्याने मधले परिच्छेद गाळले तरी चालेल.

मुलगी स्टुटगार्टला असते. नातू सोळा वर्षांचा. त्याच्याकडे एक विचित्र सायकल आहे. तिला सीटच नाही! मी विचारलं, "अरे, बसायचं कुठे?" तर म्हणाला, "आजोबा, हिच्यावर बसायचंच नाही." या खेळाला ट्रायल्स म्हणतात. दगड, ओंडके, कठडे यांवरून सायकलने उड्या मारत जायचं आणि पाय टेकायचा नाही. जुन्या नियमात पाय टेकला की एक दंडगुण, फार तर पाच.

हा खेळ मूळचा मोटारसायकलींचा. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल 1909 पासूनची आहे. तो सायकलवर आणला स्पेनच्या कातालोनियातल्या लोकांनी. मोंतेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंध असलेले पेरे पी यांनी 1970 च्या दशकात आपल्या लहान मुलासाठी सायकलवर तोच खेळ बसवला. त्याचं नाव पडलं 'ट्रायालसिन', म्हणजे इंजिनाशिवाय ट्रायल. तो मुलगा, ओत पी, पुढे अनेकदा जगज्जेता झाला. सायकल ट्रायल्सची जागतिक स्पर्धा 1986 पासून होते. 2009 साली डॅनी मॅकआस्किल या स्कॉटिश तरुणाची एडिंबरामधली फिल्म इंटरनेटवर आली, आणि ज्यांना या खेळाचं नावही माहीत नव्हतं त्यांनी तो पाहिला. माझ्या नातवानेही तिथूनच घेतलं.

आता ब्रेककडे येतो. आपल्या लेखी ब्रेक म्हणजे चालती सायकल थांबवायचं साधन. ट्रायल्समध्ये मागचा ब्रेक करकचून दाबून चाक जाम करायचं आणि त्या एका चाकावर उभं राहायचं. तिथूनच पुढची उडी. म्हणजे ब्रेक हा त्या पोराचा पाय आहे. तो केसभर घसरला तर पोरगा खाली.

गंमत अशी, की सायकलचा जन्म आणि हा ब्रेक दोन्ही त्याच मुलखातले. 12 जून 1817 रोजी कार्ल ड्राइस मानहाइमहून आपलं लाकडी दुचाकी यंत्र पायांनी ढकलत निघाला. त्याच्या यंत्राला मागच्या चाकावर दोरीने ओढायचा साधा ब्रेक होता. 1860 च्या दशकात पॅरिसच्या मिशो यांनी पुढच्या चाकाला पायडल लावलं. पुढे मोठ्या चाकाच्या उंच सायकली आल्या. त्यांचा ब्रेक म्हणजे पुढच्या चाकाच्या पाठीवर दाबायचा लोखंडी चमचा. जोरात दाबला की स्वार हँडलवरून डोक्यावर.

1888 साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि चमच्याची पंचाईत झाली, कारण तो महागडा टायर खाऊ लागला. मग ब्रेक टायरवरून रिमवर सरकला. 1896 साली बोडेनने नळीतून जाणाऱ्या केबलचं पेटंट घेतलं. तरी आपल्याकडच्या काळ्या सायकलींना सळयांचेच ब्रेक राहिले. हँडलखालून सळ्या, खाली नालेसारखी पट्टी, तिच्या दोन टोकांना पत्र्याच्या खोबणीत रबरं. ती रिमला आतल्या बाजूने दाबली जातात. सळई वाकली तर हाताने सरळ करता येते, म्हणून हा ब्रेक खेड्यापाड्यांत टिकला. दोष एकच. क्रोमची पोलादी रिम पावसात भिजली की ब्रेक नावापुरता. हे वाक्य लक्षात ठेवा.

स्टुटगार्टपासून फार लांब नाही असं बाड उराख नावाचं गाव आहे. तिथे 1893 साली गुस्ताव मागेनविर्टने सुरू केलेली मागुरा कंपनी आहे. तिने 1987 साली सायकलच्या रिमसाठी द्रवावर चालणारा ब्रेक आणला. तत्त्व आपल्या पाठ्यपुस्तकातलं, पास्कलचं. हँडलवर दाबलं की नळीतल्या तेलातून दाब पुढे जातो आणि रिमच्या दोन्ही बाजूंची दोन छोटी सिलिंडरं पॅड आवळतात. (ट्रायल्सवाले काही जण तेलाऐवजी पाणी भरतात. ब्रेक हलका चालतो म्हणे.)

बाकी सायकलींवर आता डिस्क ब्रेक आले. ट्रायल्समध्येही आहेत. पण मागच्या चाकाला रिम-ब्रेक धरून ठेवणारे अजून पुष्कळ. कारण साधं आहे. डिस्कचा व्यास साधारण 160 मिलिमीटर, 26 इंची चाकाच्या रिमचा 559. जितकी त्रिज्या मोठी तितकं चाक धरायला जोर कमी. शिवाय डिस्क धरते मधल्या हबला, तिथून तो जोर तारांमधून रिमपर्यंत जायचा, आणि त्यात किंचित पीळ बसतो. रिम-ब्रेक चाकाला थेट कडेलाच धरतो. पकड वाढावी म्हणून ही पोरं ग्राइंडरने रिमवर तिरके चरे पाडतात. मी म्हटलं, हे तर पाट्याला टाकी लावणं! नातवाला पाटाच माहीत नाही, तो समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

त्याने जुनी फ्रेम घेतली होती आणि ब्रेक दुसऱ्याच सायकलवरचा. हल्लीच्या ट्रायल्स फ्रेमला सिलिंडर बसवायला एकेका बाजूला दोन, असे चार बोल्ट असतात. जुन्या फ्रेमला मागच्या नळ्यांवर दोन खुंट्या. गोल सिलिंडर खुंटीवर बसणार कसं? त्यासाठी अडॅप्टर मिळतात. एका बाजूला खुंटीत जाणारा बोल्ट, दुसऱ्या बाजूला सिलिंडरला कवळणारं कडं. मुठीत मावेल एवढी वस्तू. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही धरा, मी आवळतो."

आधी चाक बरोबर मध्ये आणलं. ते तिरकं असेल तर पुढचं सगळं तिरकं. मग डावा अडॅप्टर कुठला आणि उजवा कुठला ते पाहून दोन्ही सैलच लावले, कड्यात सिलिंडर सरकवली. पॅडचा पूर्ण चेहरा रिमवर टेकला पाहिजे. वर गेला तर टायर कापेल, खाली गेला तर दाबताना निसटेल. ब्रेक दाबून धरायचा, पॅड आपोआप रिमला समांतर होतात, तसेच धरून बोल्ट थोडा थोडा, आळीपाळीने आवळायचा. शेवटी दोन्ही बाजूंना जोडणारी घोड्याच्या नालेसारखी पट्टी. ती नसेल तर जोर रिमवर न जाता फ्रेमच्या नळ्याच फाकतात.

काम झालं. मी सगळे बोल्ट पुन्हा तपासले. डावं-उजवं पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. तो वैतागून म्हणाला, "आजोबा, किती वेळा बघणार?" तेव्हा मी त्याला वाईची गोष्ट सांगितली.

साल 1967. श्रावण. वडिलांच्या सायकलची पुढची ब्रेक-रबरं झिजली होती. त्यांनी मला नवी रबरं आणि बसवायची मजुरी असे पैसे दिले. मी रबरं विकत घेतली, मजुरीची भेळ खाल्ली आणि पत्र्याच्या खोबण्या काढून रबरं घरीच बसवली. त्या खोबणीचं एक टोक बंद आणि एक उघडं असतं. चाक ज्या दिशेला ओढतं त्या दिशेला बंद टोक हवं, नाहीतर ब्रेक दाबताच रबर उघड्या टोकाने बाहेर. मी खोबण्या उलट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ती सायकल माझा भाऊ घेऊन गेला, मित्रांबरोबर पाचगणीला. तो चौदा वर्षांचा होता. पसरणी घाट चढताना सायकली ढकलल्या, उतरताना पाऊस आला. दुसऱ्या वळणाआधी त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि रबरं निघून गेली. भिजलेल्या रिमवर मागचा एकटा ब्रेक काय करणार? तो डोंगराकडच्या गटारात पडला, म्हणून आज आहे. डावं कोपर मोडलं.

सायकल घरी आली तेव्हा मी रिकाम्या खोबण्या पाहिल्या आणि मला सगळं कळलं. वडील दुकानात जाऊन त्या माणसाला नको नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "रबरं बसवली कोणी ते विचारा." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इथेच बसवली." त्यानंतर आमच्या घरचं कोणी त्या दुकानात गेलं नाही. तो माणूस भेटला की मी रस्ता बदलायचो. तो आता नाही, त्याची माफी मागायची राहून गेली.

आणि तुझं कोपर पुढे सरळ झालंच नाही. सैन्यभरतीत तुला त्याच कारणाने परत पाठवलं. त्या रात्री तू जेवला नाहीस, हे मला आठवतं. तू आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलास, पावसाने घात केला. पावसाने नाही, मी केला.

नातवाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे धाकट्या आजोबांना सांगितलंत?" मी नाही म्हणालो. मग त्याने पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हवं तर अजून एकदा बघा."

सायकल उत्तम चालते. तो आता कठड्यावर मागच्या चाकावर उभा राहतो, मी बघत नाही. असो. रविवारी वाईला येतो आहे, घरी असशील ना?