इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि लॅटिनचा अंमल

इंग्रजी क्रियापदाला अर्थ किती, म्हणजे तिकडचे वैयाकरण ज्याला ‘मूड’ म्हणतात त्याचे प्रकार किती, या प्रश्नाला गेल्या चारशे वर्षांत कोणी सहा, कोणी पाच, कोणी तीन असे उत्तर दिले, आणि एका गणितज्ञाने तर ही मोजदादच अनाठायी ठरवली. इतक्या मतभेदाला पुरेल एवढी उलथापालथ त्या क्रियापदात या काळात झालेली नाही; खरा तंटा होता तो लॅटिनच्या शाळेत.

आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1540 च्या सुमारास, विल्यम लिली याच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण राजाच्या हुकुमाने शाळांत सुरू झाले, आणि पुढे कित्येक पिढ्या इंग्लंडातील मुलगा व्याकरण म्हणून जे काही शिकला ते बहुतांशी त्यातूनच शिकला. शेक्सपिअरने ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये लहानग्या विल्यमची जी उलटतपासणी रंगवली आहे, ती याच वळणाच्या शिक्षणाची थट्टा आहे. लिलीच्या पुस्तकात अर्थ सहा. परंतु त्यांतील इच्छा, शक्यता आणि अवलंबन दाखवणारे तीन अर्थ खुद्द लॅटिनमध्येही रूपाने निराळे नव्हते; ‘आमेम’ हे एकच रूप, आधी ‘उटिनाम’ आले की इच्छादर्शक, ‘कुम’ आले की अवलंबी, आणि काहीच आले नाही तर शक्यतादर्शक, असा तो हिशेब, म्हणजे एकाच शेताला दफ्तरी तीन खातेदार.

इंग्रजीच्या घरी वस्तुस्थिती याहून वेगळी होती. प्राचीन इंग्रजीत निश्चित कथनासाठी ‘हेल्पाथ’ आणि इच्छा किंवा संशय यांसाठी ‘हेल्पेन’ अशी अनेकवचनाची स्पष्ट भिन्न रूपे होती. पण शब्दान्तीचा ‘न’ आणि त्याच्यापाठोपाठ दुर्बळ स्वर उच्चारातून झिजत गेले, आणि पंधरावे शतक सरता सरता हा भेद बहुतेक मावळला. उरले ते ‘लॉन्ग लिव्ह द किंग’सारखे शिष्टसंमत उद्गार, तृतीयपुरुषी एकवचनातला गळलेला ‘एस’, आणि ‘इफ आय वेअर’मधला ‘वेअर’.

मिळकत अशी बुडाल्यावर खातेवही मांडली गेली. 1586 मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले, तेही लिलीच्याच धर्तीवर. याविरुद्ध ठाम उभा राहिला तो ऑक्सफर्डचा भूमितीचा अध्यापक जॉन वॉलिस, ज्याने पुढे अनंताचे चिन्ह गणितात रूढ केले. 1653 च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात त्याने लॅटिनचे नियम या भाषेवर लादणे व्यर्थ आहे असे बजावले. गंमत एवढीच, की ते पुस्तकही त्याने लॅटिनमध्येच लिहिले. माझ्या मते या विषयात त्याच्याइतके स्वच्छ त्या शतकात कोणी पाहिले नाही.

तथापि शाळा जिंकली ती लिंडले मरे याने. पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कात वकिली आणि व्यापार केलेला हा क्वेकर प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झाला, आणि तेथील मुलींच्या शाळेच्या गरजेतून त्याने 1795 मध्ये जे व्याकरण सिद्ध केले, त्याच्या पुढे लाखो प्रती खपल्या. मरेचे अर्थ पाच. ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’ अशी साहाय्यक क्रियापदे जोडून होणाऱ्या रचनेला त्याने शक्यतादर्शक अर्थाची स्वतंत्र सनद दिली, जरी केवळ आशय पाहून अर्थ मोजू लागल्यास त्यांना अंत राहणार नाही, हे त्यालाही दिसत होते.

इंग्रजी व्याकरणाच्या या वहिवाटीचे पडसाद मुंबईसही उमटले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले ते इंग्रजी ग्रंथांचा नमुना समोर ठेवून. मात्र मराठीत ‘कर’, ‘करावे’, ‘करता’ ही रूपे प्रत्ययानेच वेगळी होत असल्यामुळे आपल्याकडे अर्थांची वर्गवारी इंग्रजीपेक्षा पुष्कळ भक्कम पायावर उभी राहिली.

इकडे इंग्रजीत, 1926 मध्ये शब्दप्रयोगांचा कोशकार फाउलर याने ‘इफ आय वेअर’सारख्या रूपांत उरलेला संशयार्थ, म्हणजे इच्छा किंवा संशय दाखवणारा अर्थ, मरणोन्मुख ठरवला. अमेरिकेत मात्र मागणी आणि ठराव यांच्या वाक्यांत तो टिकून राहिला. 2002 च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी इंग्रजी क्रियापदाच्या रूपावलीतून अर्थाचे खाते जवळजवळ वजा केले आहे. तेथे उरला आहे तो एकट्या ‘बी’ धातूचा, प्रथम आणि तृतीय पुरुषाच्या एकवचनातला ‘वेअर’.