मुंबईतील ऐतिहासिक घरे व वास्तू

मुंबई शहराच्या कोट, गिरगाव, परळ, वरळी, दादर इ. भागांत टिकून असलेल्या एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील निवासी आणि सार्वजनिक इमारती. पाहुण्याला मुंबई दाखवायची तर आधी दगडी सार्वजनिक वास्तूच दाखवल्या जातात. मात्र शहराच्या गरजेतून इथे रुजले ते वाडी आणि चाळ हे घरांचे प्रकार, आणि पडझड व पाडकाम यांचा फटकाही त्यांनाच अधिक बसला आहे.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) कोटाचा तट पाडण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर मोकळ्या जागेत गॉथिक शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत जुने सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर (दोन्ही १८७८) या प्रमुख होत. टॉवरचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव टॉवरला मिळाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले. या कामात स्टीव्हन्स यांना साहाय्य करणारे सीताराम खंडेराव वैद्य पुढे ताजमहाल हॉटेलच्या (१९०३) आराखड्यातही होते. त्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

गिरगावातील खोताची वाडी पाठारे प्रभू खोत दादोबा वामन यांच्या जमिनीवर वसली, असे सांगितले जाते. जागा घेणाऱ्यांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे बरीच होती. उतरती कौलारू छपरे, दर्शनी पडवी, लाकडी कठडे आणि वरच्या मजल्यावर बाहेरून जाणारा जिना ही इथल्या घरांची ठेवण. पावसाळ्यात दार उघडे ठेवूनही आत पाणी येऊ नये आणि उन्हाळ्यात वारा खेळावा, इतका विचार त्यात आहे. मूळच्या सुमारे ६५ घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत.

चाळ ही गिरणगावाची आणि कारकुनी मध्यमवर्गाचीही. ओळीने खोल्या, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. गिरगावातील केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. त्याने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे दोन खोल्यांत राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी बांधलेल्या ‘राजगृहा’च्या आराखड्यात पुस्तकांसाठी आधी जागा राखली गेली. गावदेवीतील मणिभवन हे रेवाशंकर झवेरी यांचे घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत.

बॅकबेच्या भरावावर १९३० नंतर आर्ट डेको फ्लॅट उभे राहिले: सिमेंट काँक्रीट, वळणदार बाल्कन्या, खिडक्यांवर लांब पट्टीसारखे छज्जे, आणि संडास-बाथरूम घरातच. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्यांना नवलाई शैलीची नव्हे, या शेवटच्या सोयीची वाटली असावी. रीगल (१९३३) व इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहे याच शैलीची. ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या गॉथिक व आर्ट डेको अशा ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. भारतातील ही पहिली. तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पण श्रेणी मिळाल्याने दुरुस्तीचा पैसा येत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरू सुरक्षित झाला, पण घरमालकाला डागडुजी परवडेना. वाशांना वाळवी आणि गॅलरीला टेकू ही अवस्था त्यातूनच आली. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू असून तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत. या घरांना सामाईक गॅलरी नाही.